वीरगळांवर ऑइलपेंट, देवळाला सँडब्लास्टिंग : रविवारच्या सभेत काय मांडायचं?

जोतिबाच्या_वाटेवर
मंडळी, पन्हाळा तालुक्यातलं गाव आहे, नाव मुद्दाम देत नाही. गावठाणात काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ आहे. गाभारा, अंतराळ (गाभारा आणि मंडप यांमधली जागा) आणि पुढं दगडी खांबांचा सभामंडप, अंदाजे २० बाय २० फूट. उत्तर अंगाला सात वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा) आणि एक सतीशिळा (सती गेलेल्या बाईची) उभी आहे. गटारीच्या कडेला एक शिळा आडवी पडलीय, तिच्यावर चार-पाच ओळी अक्षरं दिसतात. वीरगळांवर रुपेरी ऑइलपेंट मारलेला आहे, त्यातल्या दोघांवर शेंदूर.

जीर्णोद्धार कमिटीचा ठराव असा : देवळाला सँडब्लास्टिंग (यंत्रानं वाळूचा मारा), सगळे सांधे सिमेंटनं भरायचे, आत ग्रॅनाइट, सभामंडपावर पाच इंची स्लॅब, आणि वीरगळ एका ओळीत सिमेंटच्या चौथऱ्यात बसवायचे. रविवारी ग्रामसभा आहे. नुसतं "करू नका" म्हटलं तर कोण ऐकणार नाही. कारणं पाहिजेत, आणि त्याऐवजी काय करायचं तेही.

लाल_माती
सगळ्यात आधी देऊळ कुणाच्या ताब्यात आहे ते काढा. सातबारा घ्या. "देवस्थान इनाम वर्ग ३" असं असेल तर जमिनीबद्दल कमिटी एकटी काही ठरवू शकत नाही. दुसरं, पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडं तीन हजारांवर देवळं आहेत, त्यात खेड्यापाड्यांतली बारकी देवळंच जास्त. त्या यादीत तुमचं असेल तर समितीच्या परवानगीशिवाय एक वीट हलवता येत नाही, मग ठराव कितीही बहुमतानं होऊ दे.

तिसरं, संरक्षित आहे का? पन्हाळगड किंवा खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर ही केंद्राची स्मारकं. तिथं १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी, आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राज्य संरक्षित असेल तर १९६० चा राज्याचा कायदा लागतो. आणि बहुतेक तसंच असणार, यातलं काहीच नसेल, तर सगळी भिस्त गावाच्या शहाणपणावर. तरी राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला पत्र टाका, सोबत फोटो, आणि पोच घ्या. सभेत ती पोच दाखवली की निम्मे लोक गप्प बसतात.

काळाफत्तर
सँडब्लास्टिंगबद्दल. आपला काळा दगड कठीण, त्याला काय होतंय, असं सांगितलं जातं. दगड कठीण आहे, पण शेकडो वर्षांत वरचा कागदाएवढा थर हवापाण्यानं बदललेला असतो आणि टाकीच्या (पाथरवटाच्या छिन्नीच्या) खुणा त्याच थरात असतात. वाळूचा मारा तो थर घालवतो. दगड पहिल्या वर्षी राखाडी, नवाकोरा दिसतो, म्हणून सगळे खूष. पण पृष्ठभाग खरखरीत झाल्यानं पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत शेवाळ आणि दगडफूल आधीपेक्षा जास्त धरतं. मग परत ब्लास्टिंग. शिलालेखाची अक्षरं कित्येकदा दोन-तीन मिलिमीटरच खोल असतात, एका फेरीत कडा बोथट आणि दुसऱ्या फेरीत वाचता येत नाहीत.

कमिटीला दाखवायला सोपी युक्ती आहे. देवळाच्या खांबावर संध्याकाळी टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपी मारा. टाकीच्या बारीक समांतर रेघा उठून दिसतील. "या रेघा पाथरवटाच्या हातच्या आहेत, ब्लास्टिंगनंतर या जाणार" एवढंच बोला. भाषणापेक्षा याचा परिणाम जास्त.

पंचगंगा_घाट
पेंट काढायला आमच्याकडं ॲसिड वापरतात की. फरशी पुसायचं. पाण्यात पातळ करून मारलं की सुटतंय.

काळाफत्तर
@पंचगंगा_घाट, भावा, नको. ऑइलपेंट ॲसिडला दाद देत नाही. ॲसिड पेंटच्या भेगांतून आत जातं, दगडातलं लोह सुटून तांबूस-पिवळे डाग पडतात, आणि ते डाग नंतर निघत नाहीत. कॉस्टिक सोडाही तसाच. पेंट उतरतो खरा, पण क्षार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात आणि दर उन्हाळ्यात पांढरे होऊन वर येतात. तारेचा ब्रश, ग्राइंडर, प्रेशर वॉशर, काहीच नको. तारेचे तुकडे दगडात अडकून गंजतात, हे तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

ऑइलपेंट काढायची पद्धत सांगतो, पण आधी अट : ही कामं प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली. निदान पहिला वीरगळ तरी.

आधी मागच्या बाजूला, खाली, दोन इंच बाय दोन इंचाचा तुकडा निवडायचा. बाजारात जेलसारखा पेंट रिमूव्हर मिळतो. तो दोन-तीन मिलिमीटर जाड लावायचा, वर प्लास्टिकचा कागद, २० ते ३० मिनिटं थांबायचं. रंग सुरकुतून उठला की बांबूच्या चपट्या पट्टीनं उचलायचा. खरवडायचं नाही. उरलं तर परत लेप. शेवटी थिनरच्या बोळ्यानं पुसून, मग स्वच्छ पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश. आठ दिवस त्या तुकड्याकडं बघत राहायचं. डाग, पांढरेपणा, काही नाही आलं तरच पुढं. उन्हात करू नका, जेल वाळून रंगासकट कडक होतं. आणि गाभाऱ्यासारख्या बंद जागेत तर अजिबात नको, त्याची वाफ घातक असते. हातमोजे, चष्मा, वाफेसाठीचा मास्क. कापडी रुमाल उपयोगाचा नाही.

एका वीरगळाला एक माणूस धरला तर तीन-चार दिवस जातात. दिवसाला सात उरकले असं कोण सांगत असेल तर त्यानं काय वापरलं ते विचारा.

वीरगळ_वेचा
शेंदूरवाल्या दोन वीरगळांना हात लावू नका. त्यांची पूजा होते म्हणजे ते गावाचे देव आहेत, तिथं स्वच्छतेचा प्रश्नच येत नाही. शिवाय अस्सल जुना शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. खरवडताना धूळ नाकात गेली तर विषारी. शेंदराचं कवच जाड झालं की कधीकधी आपोआप सुटून पडतं. तसं पडलं तर तुकडे पाण्यात न सोडता गुरव-पुजाऱ्यांना विचारून ठेवायचे. खालचा दगड बहुधा छान शाबूत असतो, कारण तेलानं पाऊस लागू दिलेला नसतो.

आता नोंदीचं. पेंट काढायच्या आधीची नोंद आधी, ती परत करता येत नाही. प्रत्येक शिळेला क्रमांक द्या, पण शिळेवर लिहू नका, खाली पाटी ठेवून फोटो काढा. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून आणि माथ्यावरून. फोटोत मोजपट्टी हवीच. उंची (जमिनीवर दिसते तेवढी), रुंदी, जाडी लिहा. मग खालून वर प्रत्येक चौकट वाचा. सगळ्यात खाली लढाई किंवा गाई. गाई असतील तर गोधन सोडवताना पडलेला वीर. त्यावर अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या. सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य. चौकटी बहुधा तीन किंवा चार असतात. दोनच दिसत असतील तर खालची लढाईची चौकट जमिनीत गेली समजा.

पण म्हणून उकरू नका. लोकांना तेवढाच भाग बघायचा असतो, आणि तिथंच घोळ होतो. पाया मोकळा झाला की पावसात शिळा कलंडते आणि पडताना माथ्याचा कलश तुटतो. आणि उकरताना नाणी, ताम्रपट काही निघालं तर १८७८ च्या निखात निधी (पुरलेलं धन) कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. किंमत दहा रुपयांच्या वर गेली तरी पुरे.

सतीशिळेवर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असतो. तो हात नसेल तर सतीशिळा म्हणायची घाई करू नका.

शिलाखंड_४१६
गटारीकडची शिळा. वरच्या बाजूला चंद्र-सूर्य आणि कलश, मध्ये मजकूर, खाली गाढव असेल तर ती गधेगळ. दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याला घातलेली शिवी दगडात कोरलेली असते. शिलाहारांच्या मुलखात अशा सापडतात. लाजून लोक ती उलटी पालथी घालतात किंवा पायरीला वापरतात. तुमची आडवी का पडलीय, याचं कारण तेही असू शकतं.

अक्षरं वाचायला खडू, हळद, पीठ, चुना, तेल काहीही भरू नका. खडू छिद्रांत बसतो आणि पुढं फोटोत अक्षर कुठं आणि चीर कुठं ते कळत नाही. चांगला फोटो रात्री निघतो. मोबाइल तिपाईवर, शिळेच्या बरोबर समोर. टॉर्च शिळेच्या पातळीला १०-१५ अंशांत, एकदा डावीकडून, मग उजवीकडून, वरून, खालून. चार फोटो एकाच जागेवरून. आडव्या रेघा एका फोटोत उठतात आणि उभे काने दुसऱ्यात. चारही एकमेकांशेजारी ठेवून वाचायचं. ओला कागद थापून शाईचा ठसा घेणं हे जाणकाराचं काम, नवख्या हातानं शाई दगडात उतरते.

शक दिसला तर त्यात ७८ मिळवून इसवी सन धरतात. पण पौषाचा शेवट ते फाल्गुन असेल तर ७९. आणि "गत" शक (संपलेली वर्षं मोजलेला) की "वर्तमान" (चालू वर्ष धरलेला) हाही घोळ असतो, एका वर्षाचा फरक पडतो. म्हणून संवत्सराचं नाव कोरलेलं असेल तर ते आधी शोधा, ६० च्या चक्रात बसवलं की वर्ष पक्कं होतं. कोपेश्वर मंदिरातला यादव राजा सिंघणाचा लेख शके ११३६ चा, पण लोक १२१३ ते १२१४ असं लिहितात, ते उगाच नाही.

चुनेगच्ची
सांधे भरायच्या ठरावावर एक प्रश्न आधी : देऊळ कोरड्या सांध्याचं आहे का चुन्याचं?

पन्हाळ्याच्या तटबंदीसारखी भिंत दोन बाजूंना दगड आणि मध्ये चुना-दगडाचा भराव अशी असते. काळ्या दगडाची जुनी देवळं मात्र बऱ्याचदा दगडावर दगड घासून, खाचा-कुसू मारून (एका दगडाच्या खाचेत दुसऱ्याचा खुंटा बसवून), मसाल्याशिवाय उभी केलेली. तिथं सांधा भरायचाच नसतो! तो सुईएवढा सांधा मुद्दाम तसा आहे. कमिटीवाले तिथं सिमेंट लिंपतात, ते दोन वर्षांत पापुद्र्यासारखं सुटतं आणि जाताना कोरीवकामाची कड घेऊन जातं. खात्री करायला पत्र्याची पातळ पट्टी सांध्यात घालून बघा. बोटभर आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिला पांढरी भुकटी लागली, तर चुना. काहीच नाही आलं तर कोरडा.

चुन्याचा असेल तरच पुढचं वाचा.

सिमेंट का नको? काळ्या दगडातून पाणी जवळजवळ जात नाही, ते सांध्यातून आत येतं आणि सांध्यातूनच बाहेर पडतं. सिमेंटनं तोंड बंद केलं की वरून आलेलं पाणी भरावात साठतं. भरावातला जुना चुना विरघळत जातो, भिंत पोटात फुगते, आणि एक दिवस बाहेरचा थर कोसळतो. लोक म्हणतात पावसानं पडली. पाऊस तर आधीपासून पडत होता.

कळीचा चुना भट्टीवरून ढेकळात घ्या. रंगाच्या दुकानातली पोत्यातली पावडर बहुतेक मेलेली असते. ढेकूळ पाण्यात टाकलं की फसफसून उकळलं पाहिजे. हौदात विझवा आणि वर चार बोटं पाणी ठेवून निदान १५ दिवस मुरवा, महिना-दीड महिना मिळाला तर उत्तम. मग १ भाग मुरलेला चुना, १ भाग सुरखी (चांगल्या भाजलेल्या विटांची चाळलेली भुकटी), १ ते दीड भाग धुतलेली वाळू. चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळला तर उत्तम. ती नसेल तर लाकडी बडवण्यानं ठोकून ठोकून. पाणी वाढवून मऊ करायचा मोह होतो, त्यानंच वाळताना चिरा पडतात. हिरड्याचं किंवा गुळाचं पाणी घालतात, पण हात राखून. जास्त गूळ म्हणजे मसाला आठवडाभर ओलाच.

सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल जुना सैल मसाला काढा, छिन्नी-हातोडीनं, ग्राइंडरनं नव्हे. ग्राइंडरची चकती सांध्याच्या कोपऱ्यात दगडाला खाच पाडते आणि ती खाच जन्मभर दिसते. आतली धूळ धुवा, सांधा ओला असताना भरा. अर्ध्या इंचापेक्षा रुंद सांधा असेल तर आधी दगडाच्या चिपा ठोका, मग मसाला. दोन-तीन थरांत. शेवटचा थर दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा. मग १५ दिवस ओली पोती. यातच निम्मी कामं बिघडतात, पोती दुसऱ्या दिवशी दुपारी वाळलेली असतात.

काम दिवाळीनंतर सुरू करा आणि फेब्रुवारीअखेर हात धुवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्याला महिने लागतात. मे महिन्यात भरलेला सांधा मृगाच्या पहिल्या पावसात धुऊन जातो, मग म्हणतात "चुना टिकत नाही".

लाल_माती
भिंतीत पिंपळ-उंबर असेल तर? आमच्या पट्ट्यात पावसानं दर सांध्यात एक रोप.

चुनेगच्ची
ओढायचं नाही. मुळाबरोबर दगड येतो. वरून नुसतं छाटलं तर खालून चार फुटवे. पावसाळा संपल्यावर बुंधा कापा आणि कापल्या कापल्या, चीक सुकायच्या आत, ताज्या कापावर ग्लायफोसेटचं तणनाशक ब्रशनं लावा. फवारायचं नाही. तासाभरानं लावलं तर झाड आत घेत नाही. मूळ मेलं की आतच राहू द्या, पोकळी झाली की त्यात चुना भरा. मोठ्या झाडाला हे दोन-तीन हंगाम चालतं.

गगनबावडा_एक्सप्रेस
स्लॅबचा हिशेब कमिटीसमोर फळ्यावर मांडा. २० बाय २० म्हणजे ४०० चौरस फूट, साधारण ३७ चौरस मीटर. पाच इंच जाडी म्हणजे साडेचार घनमीटरच्या वर काँक्रीट. घनमीटरला अडीच टन धरा. साडेअकरा टनांच्या वर वजन होतं. ते कुणाच्या डोक्यावर? दगडी तुळयांच्या. दगड दाब सोसतो, वाकणं सोसत नाही, तुळई मध्यावर खालून चिरते. आत्ताच एखाद्या तुळईला खालून केसाएवढी चीर असेल तर काचेची पातळ पट्टी चिरेवर आडवी चिकटवून तारीख लिहा. काच फुटली तर चीर वाढतेय.

गळतंय म्हणून स्लॅब हवा असेल तर आधी माथा बघा. बहुतेक गळती सांध्यांत आणि पाणी वाहून जायच्या तोंडाशी असते. माती-गवत काढा, उतार मोकळा करा, गरज असेल तिथं चुन्याचा कोबा.

ग्रॅनाइटचं दुखणं वेगळंच. फरशी आणि मसाला धरून तळ तीन-चार इंच वर येतो. खांबांची कोरीव बैठक पुरली जाते, उंबरा बुटका होतो, आणि मुख्य म्हणजे गाभाऱ्यातून अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारं गोमुख तळाच्या खाली जातं. मग कोणीतरी तिथं पाइप टाकतो, तो दूध-तुपानं तुंबतो, आणि पाणी जोत्यात मुरायला लागतं. तीन वर्षांनी सभामंडपाची फरशी एका कोपऱ्यात खचली की "दगडच कच्चा" असा निष्कर्ष.

पंचगंगा_घाट
ॲसिडचं मागं घेतो 🙏 पण वीरगळांचं काय, गटारीत तर ठेवायचे नाहीत ना?

वीरगळ_वेचा
उभे असलेले सात आणि सतीशिळा, जिथं आहेत तिथंच. त्या जागेलाही अर्थ असतो. गटारीकडची तेवढी हलवा, तीही नोंद, फोटो आणि पंचनामा झाल्यावर.

हलवताना वजन लक्षात घ्या. चार फूट उंच, दीड फूट रुंद, सहा इंच जाड म्हणजे ३ घनफूट, काळा दगड घनफुटाला ८० किलो, झाले २४० किलो. पहारीनं उचलायला गेलात की कड उडते. लोखंडी तिपाई, चेनपुली, नायलॉनचा रुंद पट्टा, पट्ट्याखाली पोतं. जेसीबीच्या बकेटमध्ये तर अजिबात नको.

चौथरा जांभ्याचा, चुन्यात, जमिनीपासून नऊ इंच वर, पुढं उतार. शिळेसाठी खाच ठेवा, त्यात वाळू, तोंडाशी चुना. मागं भिंतीपासून चार बोटं मोकळी जागा. सिमेंटच्या खाचेत किंवा लोखंडी पट्टीनं अडकवली की पट्टी गंजून फुगते आणि दगडच फोडते. शिवाय पुढं कधी काढायची वेळ आली तर निघत नाही.

लाल_माती
कमिटीचं मन पण समजून घ्या राव. वर्गणी गोळा केलीय, यात्रेला काहीतरी दिसलं पाहिजे. त्यांना दिसणारं काम द्या. जोत्याभोवतीचं काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक काढून तीन फुटी खडीचा पट्टा, बाहेर उतार. वीरगळांची माहिती देणारी पाटी, मागच्या भिंतीला खिळे न मारता स्वतंत्र खांबावर. विजेचं सगळं नव्यानं, पाइपमधून, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) बसवून. सभामंडपावर लाकडी माळा असेल तर हे आधी. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, जुनं लाकूड आणि आग काय असते ते गावात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

आणि सभेआधी चार जणांना खिद्रापूरला नेऊन आणा. स्वर्गमंडपाचे खांब आणि खालची हत्तींची रांग दाखवा. कृष्णेच्या पुराचा पट्टा आहे तो. पुराचा गाळ ओला असतानाच नुसत्या पाण्यानं काढायचा असतो, वाळला की कोरीवकामात सिमेंटसारखा बसतो. दगडाला जपणं म्हणजे रोजचं काय काम असतं ते तिथं दिसेल. परत येताना कमिटीचा सूर बदललेला असतो.

जोतिबाच्या_वाटेवर
सगळ्यांचे आभार. पट्टी घालून बघितली, देऊळ कोरड्या सांध्याचं आहे. म्हणजे सिमेंटचा मुद्दा तिथंच संपला. स्लॅबचा हिशेब फळ्यावर मांडतो. एकच अडचण : वीरगळ उत्तरेला आहेत, आता थंडीत तिथं दिवसभर सावली. रात्री गावात टॉर्च घेऊन बसलो तर चोर समजतील. दिवसा तिरपा उजेड कसा मिळवायचा?

शिलाखंड_४१६
आरसा. दोन फुटी आरसा घेऊन एक जण देवळाच्या सावलीबाहेर, वीरगळांच्या बाजूला, उन्हात उभा राहतो आणि कवडसा शिळेवर जवळजवळ समांतर टाकतो. दुसरा फोटो काढतो. शिळेवर आधी चादरीची सावली धरली तर कवडसा जास्त उठतो. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर. आरसा न्हाव्याच्या दुकानातला चालेल, फक्त कडांना फडकं गुंडाळा आणि शिळेला टेकवू नका.